मी दिलेले दोन स्वल्पविराम

सुलतान बाजारात कापडाच्या दुकानावरच्या माडीत आमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती : टायपिंग, शॉर्टहँड, बुककीपिंग. त्याखाली मालकांनी नंतर बारीक अक्षरांत आणखी एक ओळ रंगवून घेतली होती : 'इंग्रजी अर्ज दुरुस्त करून मिळतील.' ती ओळ म्हणजे मी. एकवीस वर्षं मी त्या माडीवर दुसऱ्यांचं इंग्रजी दुरुस्त केलं. त्या कामाला नाव नव्हतं. शेजारी विचारायचे तेव्हा आई सांगायची, "आमची सरोज कागदं तपासती."

आम्ही मूळचे उदगीरकडचे, शेतकरी. वडील शिकायला म्हणून हैदराबादला आले आणि नोकरी करून काचीगुड्यात राहिले. मला त्यांनी मिशनच्या शाळेत घातलं. तिथल्या इंग्रजीच्या बाई चुकलेल्या विरामचिन्हावर लाल शाईचं एवढं मोठं वर्तुळ काढायच्या, की वहीचं पान गोवर उठल्यासारखं दिसायचं. शाळेतून मी बाकी काय आणलं ते आठवत नाही, पण स्वल्पविराम कुठं द्यायचा हे पक्कं घेऊन आले. त्याचा मला गर्व होता. तो गर्व या हकिगतीत येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

बाहेरच्या वाचकांना प्रश्न पडेल, एका शहरात अर्ज दुरुस्त करायला एवढी माणसं कुठून यायची? कारण साधं होतं. निजामाच्या अमदानीत कचेऱ्यांचं काम उर्दूत चालायचं. शाळा उर्दू, कॉलेज उर्दू, फायली उर्दू. मग राज्य गेलं आणि थोड्याच वर्षांत फायली इंग्रजीत गेल्या. वीस-वीस वर्षं उत्तम उर्दू लिहिलेली माणसं एका सकाळी उठून अडाणी ठरली. त्यात हैदराबाद राज्याची वाटणी ठरली : मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसुरात, तेलंगण आंध्राबरोबर. जमिनीची वाटणी झाली तशी नोकरांचीही व्हायची होती. कोण कुठल्या राज्यात जाणार याच्या याद्या निघू लागल्या. ज्याला नेमून दिलेलं राज्य नको, त्यानं कारण दाखवून अर्ज करायचा, आणि अर्ज इंग्रजीत. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या जिन्याच्या पायऱ्या झिजल्या.

चुका ठराविक असायच्या. एखाद्या भाषेतला माणूस दुसऱ्या भाषेत शिरतो तेव्हा घरचं सामान बरोबर घेऊनच शिरतो. 'मला दोन मुलं आहेत' हे सगळे 'आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन' असं लिहायचे, म्हणजे मुलं जणू आत्ता जन्माला येतायत. 'द' कुठं लावायचा हे कळायचं नाही, म्हणून काही जण सगळीकडे लावायचे आणि काही जण कुठंच नाही. 'वीस वर्षांपासून' याचं सर्रास 'सिन्स ट्वेंटी इयर्स' व्हायचं. एका शाळामास्तरांनी लिहिलं होतं : 'आफ्टर डायिंग इन द हॉस्पिटल, आय टुक माय फादर टु अवर व्हिलेज.' त्यांना म्हणायचं होतं की वडील दवाखान्यात वारल्यावर मी त्यांना गावी नेलं. वाक्याच्या बांधणीनुसार वारले होते मास्तर, आणि वारल्यावरही वडिलांना गावी घेऊन गेले होते. मी हसू दाबून दुरुस्ती केली. मास्तर जिना उतरल्यावर मात्र मला हसणं जमलं नाही, कारण वडील खरोखरच महिन्यापूर्वी गेले होते.

करीमुद्दीन साहेब म्हणून एक वयस्क दफ्तरदार होते. त्यांचा अर्ज दोन पानांचा आणि वाक्य एकच. त्यांच्या उर्दूत पूर्णविरामाची अशी सक्ती नव्हती. एका अदबीतून दुसरी अदब निघत जायची. मी सांगितलं, साहेब, इथं थांबायला हवं. ते म्हणाले, "बात पूरी कां हुई बेटी, जो ठैरा दूं?" मी त्यांच्या एका वाक्याची सतरा केली. त्यांनी ती वाचली, बरोबर आहेत म्हणाले आणि खिन्न होऊन घरी गेले. आपलं बोलणं मधेमधे तोडलंय असं त्यांना वाटलं असणार. आज मला वाटतं, ते चुकत नव्हते.

आता ज्या अर्जासाठी हे लिहायला बसले, तो सांगते.

किसन वाघमारे एका खात्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे नकाशे काढायचे. वय पस्तिशीचं, अंगात पांढरा स्वच्छ सदरा, बोटांना शाईचे डाग. परभणीकडच्या एका खेड्यातले. त्यांच्या समाजानं बौद्ध धम्म स्वीकारला त्याच सुमाराची ही गोष्ट. ते आले तेव्हा बायको आणि दोन लहान मुलींसह काचीगुड्याला एका खोलीत राहत होते. धाकटा भाऊ लक्ष्मण त्यांच्याजवळच असे. लहानपणी तापानं त्याचा एक पाय गेला होता. कोठी भागातल्या एका घड्याळजीकडे तो काम शिकत होता, आणि हात चांगला बसत चालला होता. यादीत किसनरावांचं नाव मुंबई राज्यात, नेमणूक परभणीला. त्यांना हैदराबादेत राहायचं होतं.

मला आश्चर्य वाटलं. मराठी माणसं बहुतेक मराठवाड्यात जायला उत्सुक होती. मी तसं म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, इथं मी ड्राफ्ट्समन आहे. तिकडं गेलो की मी कुणाचा कोण ते आधी विचारतील, मग नकाशा बघतील. मी सोसलं असतं. लक्ष्मणला तिथं घड्याळाच्या टेबलापाशी कोण बसू देणार?"

अर्ज त्यांनी स्वतः पेन्सिलीनं लिहून आणला होता. नकाशे काढणाऱ्याचं अक्षर. प्रत्येक अक्षर वेगळं, सरळ रेषेत. चुका फार नव्हत्या. पाचव्या ओळीत लक्ष्मणविषयी वाक्य होतं : 'माय ब्रदर हू इज लेम इज डिपेंडंट ऑफ मी.' मी 'ऑफ'चं 'ऑन' केलं. ते बरोबरच होतं. मग माझा हात तिथं थांबला नाही. 'हू इज लेम'च्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, असे मी दोन स्वल्पविराम दिले. वाक्य कसं नीट बसल्यासारखं दिसू लागलं. टाइप करून मी अर्ज दिला, त्यांनी सही केली.

ही गोम समजावून सांगायला हवी. इंग्रजीत ते वाक्य स्वल्पविरामांशिवाय लिहिलं तर अर्थ होतो : माझा जो भाऊ पायानं अधू आहे, तो माझ्यावर अवलंबून आहे. म्हणजे आणखीही भाऊ असू शकतात. दोन स्वल्पविराम दिले की अर्थ होतो : माझा भाऊ माझ्यावर अवलंबून आहे, आणि तो अधू आहे. म्हणजे भाऊ एकच. आपल्या मराठीत हा घोटाळा होत नाही, कारण आपण सरळ 'जो' आणि 'तो' म्हणतो. किसनरावांच्या मनात ते 'जो' आणि 'तो'च होते. त्यांनी चिन्हं दिली नव्हती, म्हणून त्यांचं वाक्य अर्थानं बिनचूक होतं. मी फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता : तुम्हांला भाऊ किती? मी तो विचारला नाही. नियम मला इतका पाठ होता, की माणसाला विचारावं लागतं हे सुचलंच नाही.

तीनेक आठवड्यांनी किसनराव पुन्हा जिना चढून आले. हातात खात्याची नोटीस होती. तुम्ही अर्जात एकच भाऊ असल्याचं नमूद केलं आहे. तुमच्या सर्व्हिस बुकात दोन भावांची नावं आहेत, आणि थोरला धडधाकट असून गावी राहतो. अधू भावाला सांभाळणारं दुसरं कुणी नाही असं भासवण्यासाठी ही माहिती दडवली असं दिसतं. खोटं निवेदन केल्याबद्दल कारवाई का करू नये, ते सात दिवसांत कळवा. सोबत अर्जाची नक्कल होती आणि पाचव्या ओळीखाली लाल रेघ.

त्या खात्याचे वरिष्ठ बाहेरून आलेले, इंग्रजीत वाढलेले म्हातारे गृहस्थ होते. स्वल्पविराम वाचणारी माणसं कमी असतात. किसनरावांच्या नशिबी नेमका तसा माणूस आला होता.

मी ती ओळ पाहिली आणि मला सगळं समजलं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "ठेवून जा, उद्या उत्तर तयार करून ठेवते." ते नमस्कार करून गेले.

उत्तर मी त्याच दुपारी लिहिलं. भाषा सुंदर होती. अर्जदाराचं इंग्रजीचं ज्ञान अपुरं असल्यामुळे वाक्यरचनेत अनवधानानं दोष राहिला, माहिती दडवण्याचा हेतू नव्हता, तरी क्षमा व्हावी, अशा आशयाचं. मला वाटलं, यानं त्यांचंही काम होईल आणि माझंही नाव येणार नाही. पुष्कळ अर्जांत आम्ही असं लिहायचो, चालून जायचं. पण आज मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. करीमुद्दीन साहेबांसाठी हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळला असता. किसनरावांसाठी तो अडखळला नाही. त्यांचं इंग्रजी कच्चं आहे हे कुणालाही सहज पटेल, असं मी न ठरवताच धरून चालले होते. ते का, हे मी स्वतःला पुढं बरीच वर्षं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी किसनरावांनी उभ्याउभ्याच उत्तर वाचलं. बोट ठेवून, सावकाश. मग कागद टेबलावर ठेवला.

"ह्यावर मी सही करणार नाही."

मी म्हटलं, यानं प्रकरण मिटेल.

"मिटेल. आणि माझ्या सर्व्हिस बुकात कायमचं बसेल की ह्याला इंग्रजी येत नाही." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांचा पेन्सिलीचा मूळ मसुदा. तो माझ्यापुढं सरळ करून त्यांनी पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. "बाई, ह्या दोन खुणा माझ्या नाहीत. नकाशात एक टिंब सरकलं तर गावाची हद्द सरकते, म्हणून मी टिंब देताना दोनदा बघतो. ह्या खुणा कुणी दिल्या?"

आवाज चढला नव्हता. टाइपरायटरांवर बसलेल्या मुलींनी मात्र हात थांबवले होते.

"मी दिल्या," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि खुर्चीवर बसले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी मालकांकडे गेले. नरसिंहराव गारू (तेलुगूतलं 'गारू' म्हणजे आपलं 'साहेब') सज्जन माणूस, पण धंदा त्यांचा होता. ते तेलुगू आणि दख्खनीची मिसळ करून बोलत. माझ्या हातानं चूक झाली हे लेखी देणार म्हटल्यावर ते घाबरले. आपण चुका काढतो म्हणून लोक येतात, आपणच चुका घालतो असं बाजारात झालं तर उद्या कोण येईल, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. बराच वेळ टेबलावरची टाचणी इकडून तिकडे सरकवून शेवटी ते म्हणाले, "लिखो अम्मा. लेकिन इन्स्टिट्यूट के कागद पे नक्को."

मी साध्या कागदावर लिहिलं. अर्जाच्या पाचव्या ओळीतले दोन स्वल्पविराम अर्जदाराला न विचारता मी दिले आहेत, त्यांच्या मूळ मसुद्यात ते नाहीत, तो मसुदा सोबत जोडला आहे. खाली सही केली. मग वाटलं, टपालानं पाठवणं म्हणजे पुन्हा लपणंच. म्हणून मी किसनरावांबरोबर त्यांच्या कचेरीत गेले.

त्या म्हाताऱ्या साहेबांनी आधी माझा कागद वाचला, मग भिंग घेऊन मसुदा पाहिला. मसुद्याकडे ते बराच वेळ बघत होते. अक्षर त्यांना आवडलं असावं. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, मी इथं मराठीत देते. त्यांनी विचारलं, हा नियम तुम्हांला ठाऊक होता? मी म्हटलं, होता. "मग चूक कशी झाली?" मी म्हटलं, "नियम ठाऊक होता, भाऊ किती ते ठाऊक नव्हतं. मी विचारलं नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे याचं इंग्रजी बरोबर होतं."

"हो. एक 'ऑफ' सोडला तर."

ते हसले नाहीत. किसनरावांकडे वळून म्हणाले की नोटीस मागं घेतली जाईल आणि मसुदा फायलीत राहील. किसनरावांनी विचारलं, "आणि माझा अर्ज?" साहेब म्हणाले, तो वर पाठवतो.

अर्ज वर गेला, पण चौकशी चालू असेपर्यंत तो खालीच अडकला होता, आणि तेवढ्यात अर्ज घेण्याची मुदत संपली. माझ्या दोन स्वल्पविरामांचा हिशेब असा लागला. वेळेत गेला असता तर मंजूर झाला असता की नाही, कोण सांगणार? पण तो वाचला तरी गेला असता.

नोटीस रद्द झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी किसनराव माडीवर आले. मला वाटलं, आता ते मनातलं बोलून टाकतील. ते समोर बसले, खिशातून वही काढली आणि म्हणाले, "मला तो नियम सांगा." मी तासभर त्यांना नियम सांगितला. त्यांनी वहीत चौकोन आखून दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी लिहून घेतली, चिन्हांसकट. मग कागद मागून तिथंच बसून मुदतीबाबत विनंतीचा नवा अर्ज लिहिला. मी तपासून देते म्हटलं. "नको बाई," ते म्हणाले, "ह्यात चूक असली तर माझी असू द्या." आणि अर्ज घेऊन जिना उतरले.

त्या अर्जाचा उपयोग झाला नाही. पुढच्या महिन्यात ते बायकोमुलींना घेऊन परभणीला गेले. लक्ष्मण मागं राहिला. घड्याळजीच्या टेबलावरून त्याला उठवायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. मी काचीगुड्याच्या स्टेशनवर गेले होते, पण डब्यापर्यंत गेले नाही. पुस्तकांच्या टपरीआडून पाहिलं. लक्ष्मण काठीवर भार देऊन खिडकीपाशी उभा होता आणि किसनराव त्याला वाकून काहीतरी समजावत होते. गाडी हलली तरी ते बोलतच होते.

लक्ष्मणला मी पुढं वर्षानुवर्षं पाहत आले. तो घड्याळजी झाला, कोठीत त्याची स्वतःची काचेची पेटी आली, लग्न झालं. मी घरातली घड्याळं त्याच्याकडेच नेत असे, कधीकधी चालू असलेलीही. ते स्वल्पविराम कुणाचे होते हे त्याला ठाऊक आहे का, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही. मी परभणीची खुशाली विचारायची, तो सांगायचा. दादा हेड ड्राफ्ट्समन झाले. कचेरीतले लोक इंग्रजी मसुदे त्यांच्याकडून लिहून घेतात. मोठी मुलगी कॉलेजात आहे.

आणि माझं काम? ते चालूच राहिलं. गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट, चूक कबूल करणारी बाई म्हणून थोडं वाढलं, याचं नरसिंहराव गारूंना शेवटपर्यंत नवल वाटायचं. मी मात्र बदलले. आधी प्रश्न विचारायचे, मग पेन उचलायचे. भाऊ किती, मुलं किती, आजारी आई की सासू, घर स्वतःचं की भाड्याचं. लोक वैतागायचे. एक जण म्हणाला, मी अर्ज दुरुस्त करायला आलोय, सोयरीक जमवायला नाही.

इन्स्टिट्यूट बंद झाल्यावर काही वर्षांनी लक्ष्मणनं निरोप पाठवला : दादा आलेत, तुम्हांला भेटायचं असेल तर या. मी गेले. किसनरावांचे केस पिकले होते, सदरा तसाच पांढरा होता. त्यांनी उठून "या बाई" म्हटलं. मुलींचं, नातवंडांचं, परभणीच्या उन्हाळ्याचं बोलणं झालं. तिकडं कसं गेलं, असं मी विचारलं. "गेलं," ते म्हणाले. "मला वाटलं होतं त्यातलं बरंचसं झालं, काही झालं नाही."

निघताना मी म्हटलं, किसनराव, तुमचा तो अर्ज अजून माझ्या मनातून जात नाही. दोन चिन्हांनी तुमची ताटातूट केली मी.

ते म्हणाले, "चिन्हांचं मी केव्हाच सोडून दिलं, बाई. काम करणाऱ्याच्या हातून चूक होते. माझ्याही झाल्या." मग म्हणाले, "नोटीस घेऊन मी आलो त्या दिवशी तुम्ही वाचताना पाचव्या ओळीवर थांबलात. तेव्हाच मला कळलं होतं. मला वाटलं, उद्या गेलो की ह्या स्वतः सांगतील. तुम्ही सांगितलंत, पण मी मसुदा काढल्यावर."

मी पदराशी चाळा करत उभी राहिले. जन्मभर मी लोकांची वाक्यं दुरुस्त केली होती. त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.